शेततळ्याच्या भिंतीत होलोसीन कुठं सुरू होतं?

केळीवाला_यावल

राम राम मंडळी.

एरवी मी इथं केळीच्या भावावर आणि भरताच्या वांग्यावर भांडायला येतो. आज विषय वेगळा आहे, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात वावरात शेततळं खोदायला घेतलं. यावल तालुका, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधे आम्ही. जेसीबी पंधरा-सोळा फूट खाली गेला आणि एका बाजूची भिंत अशी तासून निघाली की मी काम थांबवून बघतच बसलो. जेसीबीचे पैसे तासावर चालू आहेत हेसुद्धा विसरलो. वर कमरेइतकी काळी. तिच्याखाली पिवळसर, हाताला पिठासारखी लागणारी माती, तीत हरभऱ्यापासून लिंबाएवढे चुनखडीचे खडे. मग वीतभर जाडीचा वाळू-गोट्यांचा पट्टा, जरा तिरका. त्या पट्ट्याच्या लगेच वर नखाएवढ्या पांढऱ्या शिंपल्या, गोगलगायीच्या. दोन उचलल्या, दोन्ही बोटात मोडल्या. तिसरी जपून डबीत ठेवलीय.

पुतण्या पुण्याला भूशास्त्र शिकतो. त्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "काका, वरचं होलोसीन, खालचं बहुतेक प्लाइस्टोसीन." मी म्हटलं, मग रेघ कुठं मारू? तर म्हणतो, "रेघ ग्रीनलँडमध्ये आहे." आणि उद्या पेपर आहे म्हणून फोन ठेवून दिला.

माझ्या वावरातली रेघ ग्रीनलँडला कशी गेली, हे कोणी सांगेल का?

---

भरीत_पार्टी

तलाठ्याकडं जाऊन बघा आधी. सातबाऱ्यावर चढली असेल.

---

थरमोजणी

पुतण्याचं बरोबर आहे, फक्त घाईत बोलला. होलोसीन म्हणजे आपला चालू कालखंड, प्लाइस्टोसीन म्हणजे त्याच्या आधीचा, हिमयुगांचा. मी मूळचा धुळ्याचा, पंधरा वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे लांबण लावणार. चहा घेऊन बसा.

वावराच्या कोपऱ्यात मोजणीचा दगड असतो ना, तसंच आहे हे. दगडाच्या अलीकडची आणि पलीकडची माती सारखीच असते. वाद झाला की सगळे त्या दगडाशी येतात, एवढंच त्याचं काम. पृथ्वीच्या इतिहासाच्या कालखंडांनाही असे दगड रोवलेत. प्रत्येक हद्दीसाठी जगात एकच जागा निवडायची, त्या जागेच्या थरांत एकच बिंदू ठरवायचा. त्याला 'सोनेरी खिळा' म्हणतात. काही ठिकाणी खरोखरच पितळी खिळा ठोकलेला असतो. गंमत अशी की कालखंडाचा फक्त पाया ठरवतात, माथा ठरवतच नाहीत. पुढच्याचा पाया तोच मागच्याचा माथा. दोन्ही ठरवले असते तर मधे गाळा राहिला असता नाहीतर एकमेकांवर अतिक्रमण झालं असतं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

बहुतेक खिळे समुद्राच्या तळाशी साचलेल्या आणि नंतर वर आलेल्या खडकांत आहेत. होलोसीनचा मात्र बर्फात आहे. ग्रीनलँडच्या मध्यावर तीन किलोमीटरहून खोल बोअर घेतला होता. (आपल्याकडच्या बोअरवाल्यांनी ऐकू नये.) त्यातून बर्फाची कांडी काढली. दरवर्षीचा हिमवर्षाव वेगळा थर होऊन बसतो, त्यामुळे झाडाची वलयं मोजावीत तसे थर मोजता येतात. १४९२.४५ मीटर खोलीवर अशी खूण आहे की तिच्या खाली हिमयुगाचा शेवटचा थंड झटका आणि वर आजचं उबदार हवामान. बर्फातल्या जड आणि हलक्या हायड्रोजनचं गणित तिथं एक ते तीन वर्षांत पालटलंय. इकडं आपल्या दोन निवडणुका होत नाहीत तेवढ्यात.

थर मोजून वय आलं ११,७०० वर्षं, चूक धरली तर ९९ वर्षं इकडंतिकडं. ही वर्षं इ.स. २००० पासून मागं मोजायची. २००८ साली यावर शिक्कामोर्तब झालं. ती कांडी कोपनहेगनला थंड कोठारात ठेवलीय.

तर तुमच्या शेततळ्यात होलोसीन 'सापडत' नाही. ११,७०० वर्षांचा थर कुठला, ते शोधून जुळवावं लागतं.

---

शंकासूर

म्हणजे चार लोक एका खोलीत बसले आणि हात वर करून ठरवलं. यात विज्ञान किती आणि ग्रामसभा किती?

---

थरमोजणी

खरं सांगू? ग्रामसभा बरीच आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हवामान पालटलं हे विज्ञान. त्याला नेमकं कुठून 'पालटलं' म्हणायचं, हा ठराव. आधी त्या विषयाचा कार्यगट, मग उपआयोग, मग आंतरराष्ट्रीय स्तरविज्ञान आयोग, शेवटी भूविज्ञानाचा आंतरराष्ट्रीय संघ. प्रत्येक पायरीवर मतं, आणि साठ टक्के मिळाली नाहीत तर ठराव पडतो.

भांडणंही अगदी बांधावरची. जपानमधल्या चिबा इथला खिळा घ्या. साधारण ७ लाख ७४ हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचं चुंबकत्व उलटं होतं ते सुलटं झालं. त्या सुमाराला ज्वालामुखीच्या राखेचा एक पातळ थर तिथल्या नदीकाठच्या कड्यात बसला, तीच खूण. इटलीतल्या दोन जागाही शर्यतीत होत्या. आणि जपानमध्येच त्या कड्याला विरोध करणाऱ्यानं काय करावं? ती जमीनच भाडेपट्ट्यानं घेतली! संशोधकांना जाताच येईना म्हटल्यावर शहराला अभ्यासकांची वाट मोकळी ठेवणारा वेगळा नियम करावा लागला. जानेवारी २०२० मध्ये ठराव झाला आणि तिथून सुरू होणाऱ्या, प्लाइस्टोसीनमधल्या तुकड्याला चिबाचं नाव मिळालं, चिबानियन. वहिवाटीच्या रस्त्याचा दावा जपानमध्येही चुकला नाही.

त्याहून मोठी लढाई चतुर्थक युगाच्या, म्हणजे क्वाटर्नरीच्या सुरुवातीवरून झाली. प्लाइस्टोसीन आणि होलोसीन मिळून हे युग होतं. आधी हद्द साधारण १८ लाख वर्षांवर होती, इटलीतल्या कालाब्रियात. हिमयुगांवर काम करणारे म्हणायचे, थंडी त्याच्या कितीतरी आधी सुरू झालीय, दगड मागं सरकवा. २००९ मध्ये सरकला. आता सुरुवात २५ लाख ८० हजार वर्षांवर, सिसिली बेटावरच्या एका उतारात. एका ठरावानं आठेक लाख वर्षं आधीच्या कालखंडाच्या, प्लायोसीनच्या सातबाऱ्यावरून प्लाइस्टोसीनच्या सातबाऱ्यावर आली. खालचा खडक जागचा हलला नाही.

---

केळीवाला_यावल

आमच्या बांधावर दीड फुटासाठी अठरा वर्षं कोर्टात गेली. आठ लाख वर्षं एका मतदानात! चांगलंय.

---

अनेरकाठ

होलोसीनचेही तीन तुकडे झालेत, ते सांगायचं राहिलं. २०१८ मध्ये झाले. पहिला ग्रीनलँडियन. दुसरा ८,२३६ वर्षांपूर्वीपासूनचा नॉर्थग्रिपियन, त्याचाही खिळा ग्रीनलँडच्या बर्फातच. उत्तर अमेरिकेत वितळलेल्या बर्फाचं प्रचंड तळं अटलांटिकमध्ये फुटलं आणि थंडी परतली, ती खूण. तिसरा आपला. म्हणजे आपण आत्ता ज्यात बसलोय तो: मेघालयन.

त्याचा खिळा चेरापुंजीजवळच्या मावम्लुह गुंफेत, जमिनीतून वर वाढलेल्या चुनखडीच्या एका लवणस्तंभात आहे. पाऊस कमी झाला की ठिबकणाऱ्या पाण्यातल्या जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं आणि ते थराथरानं स्तंभात गोठून राहतं. तिथं साधारण ४,२५० वर्षांपूर्वी मान्सून ढासळल्याची खूण आहे. त्याच सुमाराला इजिप्तचं जुनं राज्य, मेसोपोटेमिया, सिंधूची नगरं, सगळीकडं पडझड.

मला यात खटकतं ते आपल्याच घरचं आहे. तापीकाठची पहिली शेतकरी वस्ती म्हणजे सावळदा संस्कृती. नाव शहादा तालुक्यातल्या गावावरून. तिचा काळ धरतात इ.स.पू. २२०० च्या आसपास. म्हणजे जगभर दुष्काळानं राज्यं बुडाली म्हणतात, त्याच सुमाराला आमच्याकडं तापी-पांझरेच्या काठी माणसं घरं बांधून शेती करायला लागली. साक्रीजवळच्या कावठ्याला डेक्कन कॉलेजनं खोदलं, प्रकाशाला १९५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापरांनी. जुन्या गावांची माती पांढुरकी, राखेची, खापरांची. म्हणून तर आपण 'काळी' आणि 'पांढरी' म्हणतो. काळीत पिकतं, पांढरीत राहतात.

---

जिभाऊ_शिरपूर

आमना गावमा बी अशी पांढर शे भो. मना आजा बैलगाडी भरीसन ती माती वावरमा टाके, खत म्हनीसन. मडकासना तुकडा निंघेत, आम्ही पोरे त्यासना टिकरीबिल्ला खेळूत.

---

अनेरकाठ

जिभाऊ, तुमच्या आजोबांनी दोन-तीन हजार वर्षं शेतात पसरली! अशा कितीतरी पांढरी आपल्याकडं खतापायी सपाट झाल्या.

---

थरमोजणी

@अनेरकाठ, मुद्दा चोख आहे, आणि तो आमच्याही लोकांना छळतो. मेघालयनवर टीका झाली ती याच अंगानं. मावम्लुहमधल्याच दुसऱ्या स्तंभावर नंतर आणखी बारीक काम झालं. त्यात एकदम कडेलोट दिसत नाही. काही शतकं पाऊस खालावलेला आणि मधेमधे दुष्काळ, असं चित्र येतं. पण हद्दीचा दगड सर्वांनी एकाच जागी पाहावा म्हणून असतो. दगडाच्या पलीकडं सगळ्यांची पिकं एकाच दिवशी जळाली असं तो म्हणत नाही. तापीकाठाला पाणी होतं. दुष्काळात माणसं कुठं जातात? नदीकडंच.

---

केळीवाला_यावल

पोटापाण्याचा प्रश्न. माझ्या भिंतीतल्या थराचं वय काढायचं तर कसं? मी हुशारी करून प्रत्येक थराची किलोभर माती कॅरीबॅगेत भरून ओट्यावर ठेवलीय, वर चिठ्ठ्या लावून. शिंपली डबीत आहेच.

---

थरमोजणी

केळीवाले दादा, रागवू नका. ओट्यावरची माती आता कुंडीत टाका.

गाळाचं वय काढायची जी पद्धत इथं सगळ्यात उपयोगाची, ती उजेडावरच चालते. वाळूचा कण गाडला गेला की आजूबाजूच्या मातीतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियमचा किरणोत्सर्ग त्याच्यात थोडाथोडा साठत जातो. ऊन लागलं की साठा रिकामा. प्रयोगशाळेत मंद लाल उजेडात तो कण काढून त्यावर ठरावीक प्रकाश सोडतात, तो चमकतो, आणि चमकेवरून शेवटचं ऊन कधी लागलं ते कळतं. तुमच्या पिशवीतल्या मातीला शेवटचं ऊन गेल्या महिन्यात लागलं. तिचं वय एक महिना.

त्यातही आपलं दुखणं असं की ही पद्धत क्वार्ट्झवर, म्हणजे गारगोटीच्या कणांवर उत्तम चालते, आणि आपला काळा दगड क्वार्ट्झच्या बाबतीत कंगाल. सातपुड्यातून आलेल्या गाळात ते शोधावं लागतं. नाहीतर फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजावर काम करायचं, त्याची वेगळी नाटकं. जमलं तर लाख-दीड लाख वर्षांपर्यंत जाता येतं.

आता शिंपली. शिंपलीत कार्बन आहे, म्हणजे कार्बन-१४ लागू. ५,७३० वर्षांत निम्मा होतो. पन्नास हजार वर्षांच्या पलीकडं मोजण्याजोगं फारसं उरत नाही. पण गोगलगाय कवच बांधायला चुनखडीचा कार्बनही वापरते, आणि तुमच्या मातीत चुनखडीचे खडे रग्गड. त्या जुन्या कार्बनमुळं शिंपली आहे त्याहून म्हातारी दिसते. चार हजारांची शिंपली पाच-सहा हजार सांगू शकते. लोणारी कोळसा सापडला असता तर सोनं होतं.

आणखी एक खोच. कार्बनवाले 'आजपासून इतकी वर्षं' म्हणतात तेव्हा त्यांचा 'आज' १९५० आहे. बर्फवाल्यांचा 'आज' २०००. मेघालयनचं वय कुठं ४,२०० तर कुठं ४,२५० वाचाल, ते यामुळं. छापखान्याची चूक नाही.

चुनखडीचे खडे मात्र ठेवा. युरेनियम पाण्यात विरघळतं, थोरियम विरघळत नाही. म्हणून नवीन चुनखडी बनते तेव्हा तिच्यात युरेनियम असतं, थोरियम जवळजवळ नसतं. पुढं युरेनियमचं थोरियम होत जातं, त्यावरून वय. मावम्लुहचा स्तंभ असाच मोजलाय. गुंफेतली चुनखडी स्वच्छ असते, मातीतल्या खड्यात कचरा फार, म्हणून उत्तर ढोबळ येतं.

---

गिरणामाई

शिंपलीवरून आठवलं. चाळीसगावजवळच्या पाटण्याला डोंगराच्या पायथ्याशी एस. ए. साळींनी उत्खनन केलं होतं. तिथं निघाली शहामृगाच्या अंड्याची टरफलं! एका तुकड्यावर आडव्या रेघांत जाळीची नक्षी कोरलेली. वय साधारण पंचवीस हजार वर्षं. म्हणजे प्लाइस्टोसीनच्या टोकाला, शेवटचं हिमयुग ऐन भरात येत असताना, आमच्या चाळीसगावात शहामृगं पळत होती आणि कुणीतरी बसून अंड्यावर कोरीवकाम करत होतं. पाटणादेवीला सगळे भास्कराचार्यांसाठी जातात, त्या शहामृगाला कोणी विचारत नाही.

---

शंकासूर

सगळं मोजता येतं तर लोणारचं काय? शाळेत पन्नास हजार वर्षं शिकलो, आता पोराच्या मोबाईलवर साडेपाच लाखाच्या वर दिसतं. पृथ्वी म्हातारी झाली की शास्त्रज्ञ?

---

थरमोजणी

दोन घड्याळं आहेत. आघातानं भाजलेल्या दगडातला साठलेला प्रकाश मोजला तर सुमारे ५२ हजार वर्षं आली. पुढं आघातात वितळलेल्या काचेवर आर्गॉन पद्धत वापरली तर ५ लाख ७० हजार, वरखाली ४७ हजार. दुसऱ्याकडं माझा कल आहे. दगड पुढं कधी नीट तापला किंवा उघडा पडला तर पहिलं घड्याळ परत शून्यावर येतं, वितळलेली काच असं सहज विसरत नाही.

आणि लोणार परवडलं, पुणे जिल्ह्यातल्या बोरीची राख बघा. कुकडी नदीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीची राख, तिच्या आसपास दगडी हत्यारं. एकानं वय काढलं १४ लाख. दुसऱ्यानं ६ लाख ७० हजार. तिसरा म्हणाला ही तर सुमात्रातल्या तोबाची ७५ हजारांपूर्वीची राख. हत्यारं तीच, माणूस तोच, आणि वयात वीसपट फरक. राख म्हणजे सगळ्या देशावर एका दिवशी पडलेली तारीख, म्हणून तिच्यावर इतका जीव. फक्त कुठल्या स्फोटाची तारीख, ते आधी ठरायला हवं.

@केळीवाला, पूर्णेच्या गाळातही राख नोंदलेली आहे, आणि पूर्णा तुमच्या तापीलाच मिळते. भिंतीत कुठं पांढरट-करडा, दातात घेतला तर काचेसारखा करकरणारा बोटभर थर दिसतो का, बघा. चुनखडीशी गल्लत करू नका. चुनखडीवर लिंबू पिळलं की फेस येतो, राखेवर येत नाही.

---

भरीत_पार्टी

ते मानवयुग का काय निघालं होतं ना मधे? आपण सगळ्यांनी मिळून केलेलं?

---

अनेरकाठ

अँथ्रोपोसीन. पडला ठराव. कॅनडातल्या क्रॉफर्ड तळ्याचा गाळ सुचवला होता. दरवर्षीचे थर स्वच्छ, आणि १९५० नंतरच्या थरांत अणुचाचण्यांचं प्लुटोनियम. मार्च २०२४ मध्ये उपआयोगानं बहुमतानं फेटाळला, पुढं संघानंही तेच कायम केलं. नाव वापरायला बंदी नाही, फक्त सातबारा वेगळा निघाला नाही. आपण अजून मेघालयनमध्येच.

मला फेटाळला ते बरं वाटलं. माणसानं जमीन बदलायला १९५० मध्ये सुरुवात केली म्हटलं तर सावळद्याच्या लोकांनी, जिभाऊंच्या आजोबांनी काय केलं मग?

---

शंकासूर

मला नाही पटलं. प्लुटोनियम सगळ्या जगात एकदम पडलंय. राखेला जे लावता ते याला का नाही? सत्तर वर्षं कमी वाटतात म्हणून?

---

थरमोजणी

बऱ्याच जणांनी हाच सवाल केला, आणि 'कमी वाटतात' हे कारण खरंच काहींच्या मनात होतं. खुणेवर कुणाचा फारसा आक्षेप नव्हता. तिथून नवा कालखंड सुरू करून होलोसीन बंद करायचा का, यावर अडलं.

---

केळीवाला_यावल

लिंबू पिळून आलो. सगळीकडं फेस. राख नाही.

पण नवा घोळ. शेततळ्याला कागद टाकायला माणसं गुरुवारी येणार होती. एकदा तो ५०० मायक्रॉनचा काळा कागद पसरला की भिंत गेली, पुढची दहा वर्षं ना मला दिसणार ना पुतण्याला. त्याचा पेपर शनिवारी संपतो, रविवारी येतोय. कागदवाल्याला सोमवारवर ढकललंय. तो म्हणतो, "मातीचा फोटो काढायला थांबलात?" काय सांगणार, म्हटलं हो.

थरमोजणीभाऊ, रविवारी अंधार पडल्यावर वाळूच्या पट्ट्यात पाइप ठोकायचा म्हणतोय. ठिबकच्या सबमेनचा तुकडा पडलाय, अडीच इंची पीव्हीसी. चालेल का?

---

थरमोजणी

पीव्हीसीतून उजेड शिरतो, आणि गोटा लागला की फुटेल. जीआय घ्या, अडीच इंची, फूटभर लांब, एका टोकाला आतून काळं फडकं कोंबून. आधी भिंत हातभर आत तासून ताजी करा, अंधारात. ठोकून पूर्ण भरला की दोन्ही टोकं काळ्या प्लास्टिकनं आणि चिकटपट्टीनं बंद. माती आत हलली नाही पाहिजे. पाइपच्या भोवतालची किलोभर माती वेगळी घ्या, किरणोत्सर्ग मोजायला. तिला ऊन लागलं तरी चालतं. ओल टिकायला हवी, म्हणून दोन पिशव्या. आणि जमिनीपासून पट्टा किती खोल ते टेपनं मोजून पाइपवरच लिहा, चिठ्ठी हरवते.

वाळूच्या पट्ट्यात एक, त्याच्या खालच्या मातीत एक. दोन घ्या.

---

जिभाऊ_शिरपूर

जीआय पाइप मनाकडे पडेल शे. शिरपूरथून यावल काय दूर शे? रविवारले लई येस. जेवन करीसनच जासू.